जोर लाव म्हणे!

परवा शनिवारी सकाळी रॅलेजवळच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर बॉल मारत होतो. शेजारच्या चटईवर एक देशी जोडपं होतं. तो माझ्यासारखाच कुठल्यातरी आयटी कंपनीतला असावा (टी-शर्टवर कॉन्फरन्सचा लोगो, ओळखायला वेळ लागत नाही). ती बहुतेक पहिल्यांदाच हातात क्लब धरत होती. पहिले दोन बॉल घरंगळत गेले, तिसऱ्याला क्लब लागलाच नाही. आणि मग साहेबांनी सल्ला दिला, "अरे, थोड़ा ज़ोर लगाओ ना!"

माझ्या पोटात खड्डाच पडला. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच रेंजवर, मराठीत अनुवादित करून मी माझ्या बायकोला ऐकवलेलं आहे. त्याची किंमतही मोजलेली आहे. म्हणून हा वीकेंड ह्या विषयाच्या नावाने. ज्यांना गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात त्यांनी इथेच रजा घेतली तरी चालेल, पण थांबलात तर हरकत नाही. मुद्दा गोल्फपुरता नाहीये.

तर झालं असं. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी नवीन आयर्न घेतले. एका मोठ्या दुकानात गेलो, तिथल्या पोऱ्याने जाळीसमोर उभं केलं, मशीन चालू केलं. माझा जुना सात नंबरचा आयर्न १३५ यार्ड जायचा. नवीन सात नंबर त्याच स्विंगने १५५ हवेत आणि घरंगळून १६५! मी तर हवेतच. क्रेडिट कार्ड काढलं, घासलं, गाडीत सेट टाकला. आणि जुना सेट? तो मोठ्या उदार मनाने बायकोला दिला. "शिकायला काय, हा पुरे," असं वर म्हणालो सुद्धा.

बायको पाच फूट एक इंच. माझा जुना सेट पुरुषांच्या लांबीचा, जड स्टीलच्या शाफ्टचा, त्यातून स्टिफ. ती चार महिने नेटाने येत होती. बॉल उठायचा नाही, मनगटं दुखायची. मी प्रत्येक वेळी एकच मंत्र द्यायचो: जोर लाव. ऑगस्टमध्ये एके दिवशी तिने क्लब बॅगेत ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मला नाही जमत रे हा खेळ." भांडण नाही, काही नाही. मला त्या वेळी चक्क वाटलं, की हो, नसेल जमत.

ह्या लेखाचा उद्देश एवढाच, की ते वाक्य खोटं होतं. तिला खेळ जमत होता. मला सल्ला देणं जमत नव्हतं. आणि मला जे शिकवलं गेलं होतं, ते विकणाऱ्यांनी शिकवलेलं होतं.

गोल्फच्या बाजारात दोन थापा बिनदिक्कत खपतात. एक: ताकद म्हणजे जोर. दोन: लांब जाणारा आयर्न तो चांगला आयर्न. दोन्हींचा समाचार घेऊ.

आधी जोर. माझं आजोळ ज्वारीच्या पट्ट्यातलं. कणसं भरली की मामा माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा. मामा म्हणजे काही पैलवान नव्हे, काडी होता काडी. पण त्याचा दगड शेताच्या पार टोकाला जायचा आणि मी सगळी ताकद लावून फिरवलेला दगड मागच्या बाभळीत. फरक काय? मामाचं आधी अंग वळायचं, मग खांदा, मग हात. आणि शेवटी हात जवळजवळ थांबायचा. हात थांबला की सगळा वेग दोरीच्या टोकाला. मी मात्र हातानेच सुरुवात करायचो आणि हातानेच शेवट.

गोल्फचा स्विंग म्हणजे तीच गोफण. बॉलकडे येताना आधी कंबर वेग घेते, मग ती मंदावते आणि छाती वेग घेते, मग हात, मग क्लब. प्रत्येक टप्प्याचा कमाल वेग आधीच्यापेक्षा जास्त आणि त्याच्यानंतर येणारा. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज ह्या दोघांनी १९६८ साली 'सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' नावाचं पुस्तक काढलं, त्यात स्विंगचं मॉडेल म्हणजे एकाला एक जोडलेले दोन लंबक. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, काही गुपित नव्हे. आता "जोर लाव" म्हटल्यावर माणूस काय करतो? मूठ आवळतो, दंड ताठ करतो आणि वरूनच हाताने हाणतो. म्हणजे साखळीतली तिसरी कडी पहिली ओढतो. झाला सत्यानाश. जोर लावल्याने ताकद वाढत तर नाहीच, उलट ती जिथून येते तो रस्ताच बंद होतो.

ह्यावर कोणी म्हणेल, अरे पण बॉलला लागताना तर दंडाची ताकद लागते ना? नाही! बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तुमचा दंड शाफ्टमधून पुढे काहीही पोचवू शकत नाही. त्या क्षणी क्लबचं हेड जणू सुटं असतं, हवेत फेकलेल्या दगडासारखं. बॉल लागल्याचं हाताला कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. तेव्हा बॉलचा वेग ठरतो तो हेडचा वेग, हेडचं वजन, बॉलचं वजन आणि टकरीतली उसळी ह्यांवर. बारावीचं फिजिक्स. बॉल ४६ ग्रॅमचा, ड्रायव्हरचं हेड २०० च्या आसपास, उसळी ०.८३ धरा. उत्तर येतं: बॉलचा वेग हेडच्या वेगाच्या सुमारे १.४९ पट. ह्या समीकरणात तुमचे दंड कुठे आहेत दाखवा. नाहीत. तुमचं काम टकरीच्या आधी संपतं.

आणि हे १.४९ मिळतात ते बॉल हेडच्या मध्यावर लागला तर. इथे एक उदाहरण देतो, पुरुषमंडळींनी बसून वाचावं. ट्रॅकमॅन हे रडारवाले लोक, त्यांनी सरासरी आकडे छापलेत. एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फरांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी ९४ मैल. सर्वसाधारण हौशी पुरुषाचा ताशी ९३. म्हणजे सारखाच! पण ती बाई बॉल हवेतच २१८ यार्ड नेते, आणि आपला गडी घरंगळणं धरूनही तिथवर पोचत नाही. वेग तोच, मग २१८ आले कुठून? मध्यावर लागण्यातून आणि योग्य कोनातून. सात नंबरच्या आयर्नचंही तेच. माझा वेग ताशी ७८ मैल, त्यांची सरासरी ७६. त्या १४१ यार्ड मारतात. मी जुन्या आयर्नने १३५ मारत होतो, तेही नीट लागला तर. तिथे माझ्याकडे जोर कमी नव्हता हो. अक्कल कमी होती.

बरं, माझ्यावर लगेच तुटून पडू नका. अंतराला महत्त्व नाही असं मी म्हणत नाहीये. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी ह्या प्राध्यापकाने हजारो फटक्यांचा डेटा घेऊन २०१४ च्या 'एव्हरी शॉट काउंट्स' मध्ये दाखवलंय, की चांगल्या आणि वाईट खेळाडूंतला मोठा फरक लांबच्या फटक्यांतून येतो, पटिंगमधून नव्हे. डेटा आहे, मान्य करायलाच हवा. तेव्हा वेग वाढवा, जरूर वाढवा. पण तो असा:

१. पाय जुळवून उभे रहा आणि अर्ध्या वेगाने बॉल मारा. जोर लावलात की तोल जाईल. शरीर आपोआप क्रम शिकतं.

२. क्लब उलटा धरा (हेडकडून) आणि हवेत फिरवा. सूंऽऽ असा आवाज येईल. तो बॉलच्या जागी किंवा किंचित पुढे यायला हवा. खांद्यापाशीच आला तर तुम्ही वेग आधीच उधळलात.

३. क्लबच्या तोंडावर पावडरचा हलका फवारा मारा आणि ठसा बघा कुठे उमटतो. दहापैकी सहा मध्यावर येईपर्यंत वेगाचं नाव काढू नका.

४. आधी अंग गरम करा. मी एका व्हिडिओच्या नादाने थंड अंगाने "स्पीड ट्रेनिंग" केलं आणि तीन आठवडे कमरेला शेक घेत स्टँडअप मीटिंग बसून केली.

ह्यातल्या एकाही गोष्टीला क्रेडिट कार्ड लागत नाही. म्हणूनच हे तुम्हाला दुकानात कोणी सांगत नाही.

आता दुसरी थाप, आणि ही जास्त संतापजनक आहे. माझा नवा सात नंबर वीस यार्ड जास्त का गेला? कारण तो सात नंबर नव्हताच!

न खेळणाऱ्यांसाठी: आयर्नचं तोंड जितकं मागे कललेलं, तितका बॉल उंच आणि जवळ जातो. ह्या कलाला लॉफ्ट म्हणतात. नंबर वाढला की लॉफ्ट वाढतो, नंबरामागे साधारण चार अंश. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असायचा. माझ्या नव्या "सात"चा निघाला २८. घरी येऊन स्पेसिफिकेशन वाचलं तेव्हा कळलं. (आधी वाचायला काय झालं होतं, असं विचारू नका. दिवसभर दुसऱ्यांना "डॉक्युमेंटेशन वाचा" सांगणारा माणूस आहे मी.) २८ अंश म्हणजे नव्वदच्या दशकातला पाच नंबर, शाफ्टही थोडा लांब. खाली फक्त "७" कोरलेला.

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे तीन वर्षांच्या अनुभवावर पोरगं सीनिअर होतं, पाच वर्षांवर आर्किटेक्ट. काम तेच, कार्डावरचं पद बदललं. गोल्फ कंपन्यांनी पाच नंबरच्या आयर्नला प्रमोशन दिलंय, एवढंच. आणि नंबराला कायदाच नाही. नियमात चौदाच क्लब घ्यावेत असं आहे, पण सात नंबर किती अंशांचा असावा ह्यावर अवाक्षर नाही. एकाच कंपनीचं बघा. टायटलिस्टचा टी१०० मधला सात नंबर ३४ अंशांचा, टी३५० मधला २९ चा. पाच अंशांचा फरक, म्हणजे एका नंबराहून जास्त. त्यांनी ते लपवलेलं नाही, कॅटलॉगमध्ये छापलंय. पण दुकानाच्या पडद्यावर लॉफ्ट कोण दाखवतं? तिथे एकच आकडा मोठ्या अक्षरात झळकतो: यार्ड.

"मग बिघडलं काय? बॉल लांब गेला ना?" बिघडलं ते असं. सेटमधला पिचिंग वेज पूर्वी ४८ अंशांचा, आता ४३ च्या आसपास. त्याच्याखालचा सँड वेज ५६ चा. मध्ये तेरा अंशांची खिंड. ती बुजवायला एक वेज घ्या, जमलं तर दोन घ्या. वरच्या टोकाला चार नंबर आता इतका सरळ तोंडाचा, की तुमच्या-माझ्या वेगाने बॉल उठतच नाही. म्हणून तो सेटमधून गायब, त्याऐवजी हायब्रिड घ्या. म्हणजे नंबर सरकवायचे आणि दोन्ही टोकांना पडलेली भोकं बुजवायला पुन्हा तुम्हालाच क्लब विकायचे. धंदा म्हणून याला दाद द्यावी लागेल.

आणि खरी पंचाईत मैदानावर. आयर्नचं काम बॉल लांब नेणं नाहीच. ते काम ड्रायव्हरचं. आयर्नचं काम ठरलेल्या अंतरावर बॉल पाडून तिथे थांबवणं. ड्रायव्हिंग रेंजच्या चटईवर हे कळत नाही, तिथे क्लब जमिनीवर आधी आपटला तरी सरकून पुढे येतो आणि आपण खूश. ग्रीनवर कळतं. माझे १५५ यार्डचे बॉल सपाट येऊन ग्रीनवर टप्पा खायचे आणि मागच्या झाडीत. त्या उन्हाळ्यात माझं अंतर वाढलं आणि स्कोअरही वाढला. (गोल्फमध्ये स्कोअर वाढणं वाईट असतं.)

आमच्या घरापासून दीड तासावर पाइनहर्स्ट आहे. तिथलं दोन नंबरचं मैदान डोनाल्ड रॉसचं, म्हणजे डॉर्नकहून आलेल्या स्कॉटिश माणसाचं काम. तिथली ग्रीन्स म्हणजे पालथी घातलेली परात. बॉल उंचावरून येऊन बसला तर बसला, सपाट आला की कडेने खाली. जून २०२४ मध्ये यूएस ओपन तिथे होती, शुक्रवारी मी दोऱ्यांमागे उभा होतो. मोठमोठ्या खेळाडूंचे बॉल त्या परातीवरून घरंगळताना बघितले आणि माझ्या २८ अंशांची लाज वाटली. रविवारी जिंकला कोण? ब्रायसन डीशॅम्बो. फिजिक्स शिकलेला, अंगावर स्नायू चढवून गोल्फमध्ये ताकदीचं युग आणणारा म्हणून ज्याचं पोस्टर लावतात तो. आणि शेवटच्या होलवर त्याने स्पर्धा कशाने जिंकली? ५५ यार्डांवरच्या बंकरमधून बॉल होलजवळ नेऊन. ताकदीच्या देवानेही शेवटी नैवेद्य हातोटीलाच दाखवला.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच घरचं. टोकियो ऑलिम्पिक, २०२१. अदिती अशोक चौथी आली, रौप्यपदकाच्या प्ले-ऑफला एका फटक्याने मुकली. त्या मैदानात ती सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्यांपैकी होती. तिला कोणी "जोर लाव" म्हणालं असतं आणि तिने ऐकलं असतं, तर आपल्याला ती सकाळ मिळाली नसती.

आता कंपन्यांची बाजू. ते म्हणतात, नव्या हेडमध्ये वजन खाली आणि मागे असतं, बॉल मुळातच उंच उडतो, म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो. ह्यात तथ्य आहे. ज्याचा वेग भरपूर आहे त्याच्या बाबतीत तर पूर्ण तथ्य. पण कमी वेगवाल्याचा बॉल तेवढा फिरतही नाही आणि चढतही नाही. त्याला लॉफ्ट हवाच. आणि हे सरळ तोंडाचे सेट विकले कोणाला जातात? नेमके त्यालाच. व्यावसायिक लोक बहुतेक ३४ च्या आसपासच खेळतात. ज्याला मदतीची गरज नाही त्याच्याकडे जास्त लॉफ्ट आणि ज्याला आहे त्याच्याकडे कमी. ह्याला काय म्हणावं?

इंजिनिअरिंगला माझा विरोध नाही, उलट माझा ह्या खेळातला देव इंजिनिअरच आहे. कार्स्टन सोल्हाइम, नॉर्वेत जन्मलेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारा. पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये घरच्या गॅरेजात स्वतःच पटर बनवला. बॉल लागल्यावर आवाज यायचा पिंग, म्हणून कंपनीचं नाव पिंग. हेडचं वजन मधून काढून कडेला नेलं तर चुकीच्या जागी लागलेला बॉलही कमी भरकटतो, हे त्याने ओळखलं आणि आयर्नमध्येही आणलं. १९८२ चा पिंग आय-२ अजूनही लोकांच्या बॅगेत सापडतो. खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणे क्लबचा उभा कोन वेगळा हवा, म्हणून त्याच्या कंपनीने रंगीत ठिपके लावले. त्याने माणूस बघून क्लब बदलला. आजचा बाजार क्लब तोच ठेवून नंबर बदलतो.

तर आयर्न घेताना काय बघावं, माझ्या चुकांवरून सांगतो. नंबर झाकून ठेवा, लॉफ्ट विचारा. पडद्यावर यार्डांऐवजी बॉल किती अंशांत खाली येतो ते बघा, ४५ च्या खाली असेल तर तो ग्रीनवर थांबणं कठीण. दोन आयर्नमध्ये दहा-बारा यार्डांचं अंतर पडतंय का बघा. शाफ्टवरच्या रेग्युलर-स्टिफ ह्या शिक्क्यांना सर्वमान्य मोजमाप नाही, कंपनीगणिक अर्थ बदलतो, तेव्हा शिक्का न वाचता वजन आणि लांबी तपासा. बॉलवर मार्करने उभी रेघ ओढा, रेघ क्लबकडे करून मारा. तोंडावर उमटलेली रेघ तिरकी आली तर क्लबचा उभा कोन तुम्हाला लागू नाही. आणि जुने घ्या. दहा वर्षांपूर्वीचा सेट आजही बॉल तितकाच नीट मारतो.

मी काय केलं? नवा सेट तोट्यात विकला. ३४ अंशांचे वापरलेले घेतले. आणि त्या पैशातून उरलं त्यात बायकोसाठी हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचा, तिच्या उंचीला बेतलेला, वापरलेला अर्धा सेट आणला. आणला आणि कोपऱ्यात ठेवला, कारण काय तोंडाने सांगणार? तीन महिने तो तिथेच होता. शेवटी एका रविवारी मीच म्हणालो, "तेव्हा चूक माझी होती. क्लब तुझ्या मापाचे नव्हते. आणि जोर लाव म्हणायचो, तेही चूक."

ती म्हणाली, "येते. पण तू तोंड उघडायचं नाहीस."

आता ती सात नंबर नव्वद यार्ड मारते. बॉल उंच जातो, पडतो आणि थांबतो. माझा अजून कधीकधी झाडीत जातो.

परवा त्या शेजारच्या साहेबांना हे सगळं सांगावंसं वाटलं, पण अनोळखी माणसाच्या संसारात कुठे पडता? फक्त जाताना त्या बाईला विचारलं, "हे क्लब कोणाचे आहेत?" ती म्हणाली, "ह्यांचे जुने."

असो.